ट्रिगर पॉइंट इंजेक्शन

स्नायूच्या ताठरलेल्या पट्ट्यातील दुखऱ्या गाठीत सुई घालून वेदना शमवण्याचा उपचार. खांदेदुखीत अशा गाठी बहुधा मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूत सापडतात. गाठ दाबली की कळ मानेतून थेट कानशिलापर्यंत जाते. अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या दुखण्याचा सखोल अभ्यास केला. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

डॉक्टर गाठ बोटांच्या चिमटीत धरून लिडोकेनसारखे बधिर करणारे औषध थोडे थोडे सोडतात. सुई नेमकी लागली की स्नायू क्षणभर फडफडतो. औषधाविना, नुसत्या सुईनेही अनेकांना आराम पडतो; स्टिरॉइडची सहसा गरज नसते. सुई खोल गेल्यास मात्र फुप्फुसाला इजा होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.