वस्तरा धरणारा हात

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर निघाले की वाटेत प्रतापगडाचा फाटा लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी या गडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि शिवरायांवर धावून आलेल्या सय्यद बंडाला जिवा महालाने अडवले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण महाड-पोलादपूरकडे लहान पोरांनाही पाठ असते. जिवा महाला नाभिक समाजातला. त्याच्या एका वाराचा इतिहास झाला. त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या रोजच्या कामाचा मात्र झाला नाही. ते काम शरीराकडून काय वसूल करते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चामोटा आणि वाटी घेऊन तो घरोघर जाई. मोबदला सुगीच्या धान्यात. गिऱ्हाइकासमोर उकिडवे बसून गुडघे आणि कंबर धरत. पुढे बाजारपेठांत दुकाने आली, खुर्ची आली. गिऱ्हाईक आरामात बसले आणि कारागीर उभा राहिला. दुखणे गेले नाही, त्याने जागा बदलली.

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की ते खाली साचते. हात तासन्‌तास उचलून धरले की खांद्याच्या ताणलेल्या स्नायूंना रक्त कमी पोहोचते. त्यात मान वाकलेली, मनगट मुरडलेले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच साली, त्यांच्याच पुढाकाराने, मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचे ठरवले. दुसऱ्याच्या दुःखासाठी वस्तरा खाली ठेवणाऱ्या या कारागिरांना रविवार मात्र लाभला नाही. इतरांची सुट्टी हाच त्यांच्या गर्दीचा दिवस ठरला.

उपाय साधे आहेत. वरखाली होणारी खुर्ची, टेकायला उंच स्टूल, धारदार कातर आणि दोन गिऱ्हाइकांमध्ये चार पावले चालण्याची उसंत. पहिल्या तिन्हींना पैसे लागतात. चौथी गोष्ट आपल्या हातात आहे. आज रविवार, दुकानात गेलात तर ‘लवकर आटपा’ म्हणू नका.