गिझर : बिघाडाची तपासणी आणि बदल (दिंडोशी परिसर)

साठवणीचा गिझर म्हणजे बंद टाकीतील पाणी विजेच्या कॉईलने तापवून काही काळ गरम राखणारे घरगुती उपकरण. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, गोरेगाव व मालाड यांच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारालगत वसलेल्या दिंडोशीत तो बहुधा न्हाणीघराच्या दरवाज्यावर किंवा माळ्याखाली टांगलेला असतो. बिघडलेला गिझर टाकून नवा घेण्याची घाई पुष्कळ घरांत होते. वास्तविक टाकी गळू लागणे हा एकच बिघाड असा आहे की ज्यानंतर उपकरण बदलण्यावाचून सहसा इलाज उरत नाही, आणि बाकीचे बहुतेक दोष एखादा सुटा भाग बदलून दूर होतात.

महाराष्ट्रातील घरांत या उपकरणाच्या आधी तांब्याचा बंब होता. त्याच्या मधोमध असलेल्या नळकांड्यात लाकूड किंवा कोळसा पेटवत आणि भोवतालचे पाणी तापवत. बंबाला वरून पाणी ओतावे लागे व त्याचे तोंड हवेला मोकळे असे, त्यामुळे त्यात दाब साठत नसे. गिझर मात्र नळाच्या दाबाखाली असलेले बंद भांडे आहे. त्याचे सोयीचे गुण आणि धोके दोन्ही या एका फरकातून निघतात.

गिझरच्या बिघाडाचे स्वरूप बरेचसे इमारतीच्या पाण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि दिंडोशीत ही व्यवस्था एकसारखी नाही. येथे म्हाडाच्या वसाहती आहेत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती आहेत, अलीकडचे उंच टॉवर आहेत. तसेच मृणाल गोरे, बाबूराव सामंत व प. बा. सामंत यांच्या पुढाकाराने, १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन लढलेल्या दीर्घ लढ्यातून उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची घरेही आहेत. गोरेगावच्या पाण्यासाठी केलेल्या आंदोलनांमुळे मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या, आणि या भागातील माणसाला घरातला नळ ही गोष्ट किती कष्टाने मिळाली आहे याची आठवण या नावात टिकून आहे. महापालिकेचे पाणी ठरावीक तासांतच येते; ते जमिनीखालच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवर चढवले जाते व तेथून घरोघर उतरते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या गिझरला त्यामुळे जेमतेम दाब मिळतो, तर टाकीपासून ६० मीटर खाली असलेल्या गिझरवर, मध्ये दाब कमी करणारी झडप नसल्यास, सुमारे ६ बार इतका दाब येतो. वैतरणा, तानसा, भातसा या जलाशयांतून येणारे पाणी क्षारांच्या दृष्टीने सौम्य असते, म्हणून केवळ महापालिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरमध्ये चुना सावकाश साचतो. ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळते तेथे हेच काम पुष्कळ लवकर होते.

गिझरच्या आतील टाकी तांब्याची, स्टेनलेस स्टीलची किंवा आतून काचेसारख्या लेपाची पोलादी असते व तिच्याभोवती उष्णता धरून ठेवणारा पफ हा फेसाळ पदार्थ भरलेला असतो. कॉईल म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली नायक्रोमची तार होय. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते, जी उष्णता जाऊ देते पण वीज अडवते. ठरलेल्या तापमानाला वीज तोडून पाणी निवल्यावर ती पुन्हा जोडणारा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. तो चिकटून बसला आणि पाणी मर्यादेबाहेर तापू लागले, तर कट-आऊट हा दुसरा, स्वतंत्र खटका वीज तोडतो. थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला बहुउद्देशी व्हॉल्व्ह पाणी उलटे जाऊ देत नाही, आणि दाब वाढला तर थोडे पाणी बाहेर सोडतो. पोलादी टाकीत याशिवाय मॅग्नेशियमची कांडी असते, जी टाकीऐवजी स्वतः गंजून झिजते.

तपासणी नेहमी बाहेरून आत जावी. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा खटका, पडला आहे काय, १६ अँपिअरचा सॉकेट काळवंडला आहे काय, पिन सैल आहे काय हे पाहण्यास गिझर उघडावा लागत नाही. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो व ३ किलोवॅटचा सुमारे १३. एवढा प्रवाह सैल जोडातून रोज वाहिला की तो जोड तापतो, प्लॅस्टिक वितळते, आणि घरातील माणसे कॉईल गेली असे समजतात. सॉकेटला वीज असूनही पाणी थंडच राहत असेल तर दिवा पाहावा. बहुतेक गिझरांत तापण्याचा दिवा थर्मोस्टॅट व कट-आऊट यांच्या पुढे, कॉईलला समांतर जोडलेला असतो. म्हणून दिवा लागतो पण पाणी तापत नाही याचा अर्थ कॉईल तुटली असा होतो, आणि दिवाच लागत नसेल तर दोष अलीकडे, थर्मोस्टॅट किंवा कट-आऊट यांच्याकडे शोधावा लागतो. मेन स्विच बंद करून व कॉईलची एक तार सोडवून मल्टिमीटरने मोजल्यास २ किलोवॅटच्या निरोगी कॉईलचा रोध सुमारे २६ ओहम आणि ३ किलोवॅटच्या कॉईलचा सुमारे १७.६ ओहम दिसतो.

कट-आऊटचे बटण दाबून गिझर पुन्हा सुरू करता येतो, आणि येथेच सर्वांत मोठी चूक घडते. कट-आऊट विनाकारण उडत नाही. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले असतील, कॉईलवर चुन्याचा जाड थर बसला असेल किंवा टाकीत पाणीच नसेल, तर तो उडतो. कारण न शोधता बटण दाबत राहणे म्हणजे अखेरचे संरक्षण रोज थोडे थोडे झिजवणे होय, आणि कट-आऊटला वळसा घालून थेट तार जोडणारा कारागीर घरातील माणसांचा जीव धोक्यात घालतो. पाण्याविना तापण्याचा प्रकार दिंडोशीसारख्या ठिकाणी विशेष संभवतो. गच्चीवरची टाकी रिकामी झाली, व्हॉल्व्हमधील उलट प्रवाह रोखणारी झडप कचऱ्याने अर्धवट उघडी राहिली आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला, तर गिझरमधले पाणी उलटे ओढले जाते व उघडी पडलेली कॉईल अल्पावधीत जळते. म्हणून पाणी नसलेल्या दिवशी गिझर बंद ठेवावा, आणि पाणी आल्यावर गरम पाण्याच्या नळातून हवेचे फुरफुरणे थांबून अखंड धार लागेपर्यंत तो सुरू करू नये.

व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ही तक्रार वारंवार येते व ती बहुधा चुकीची असते. १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सुमारे ०.२ लिटरने फुगते. उलट जाण्याची वाट झडपेने बंद केलेली असल्यामुळे हे जादा पाणी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडते. तापताना पडणारे थेंब हे संरक्षण चालू असल्याचे लक्षण आहे, आणि त्या तोंडाला बूच मारणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदलावा किंवा इमारतीचा दाब तपासावा. कॉईलच्या चकतीभोवती पाणी पाझरत असेल तर गॅस्केट बदलून भागते. बाहेरच्या आवरणाच्या तळातून गंजाचा डाग असलेले पाणी ठिबकत असेल आणि सारे जोड कोरडे असतील, तर आतली टाकी फुटली आहे.

नळाला हात लावताच झिणझिण्या येणे किंवा गिझर सुरू करताच आरसीसीबी पडणे हा निराळ्याच गांभीर्याचा दोष आहे. आरसीसीबी म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडणारा खटका. कॉईलच्या नळीला बारीक चीर पडली की भुकटीत ओल शिरते आणि प्रवाह पाण्यात व टाकीच्या धातूत उतरतो. ज्या जुन्या इमारतींत अर्थिंगची तार वरच्या मजल्यापर्यंत धड पोहोचलेली नसते तेथे आरसीसीबी नसेल तर हा प्रवाह न्हाणाऱ्याच्या ओल्या अंगातून वाट काढतो. अशा वेळी गिझर तत्काळ बंद करून परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे विद्युतरोधन मोजणाऱ्या उपकरणाने, कॉईलची चाचणी घ्यावी. पडणारा आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे. उतारावरच्या वस्त्यांत बादलीत सोडायच्या रॉडने पाणी तापवले जाते, त्यालाही हीच दक्षता लागू आहे, कारण रॉड चालू असताना पाण्यात हात घालून ते तापले का हे पाहण्याची सवय प्राणघातक ठरू शकते.

नवा गिझर घेताना भारतीय मानक आयएस २०८२ चे चिन्ह, ऊर्जा कार्यक्षमतेचे तारे आणि दाबाची मर्यादा हे तीन तपशील पाहावेत. उंच टॉवरसाठी ८ बार सहन करणारे उपकरण लागते. जुन्या चार-पाच मजली इमारतीत हा मुद्दा गौण आहे. तारांकन पाणी न वापरता नुसते गरम राहताना होणाऱ्या उष्णतेच्या गळतीवर दिले जाते, म्हणून गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला जास्त ताऱ्यांचा लाभ होतो, आंघोळीपुरता लावणाऱ्याला थोडाच. २ किलोवॅटची कॉईल वर सांगितलेले १५ लिटर पाणी साधारण १८ मिनिटांत तापवते व त्यासाठी सुमारे ०.६ युनिट वीज लागते, तेव्हा मुंबईच्या सौम्य हिवाळ्यात चौघांच्या घराला पाळीपाळीने तेवढी क्षमता पुरते.

बदल करताना प्रथम मेन बंद करून टेस्टरने खात्री करावी, अँगल कॉक बंद करावा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडावा आणि टाकी पूर्ण रिती केल्यावरच जोड सोडवावेत. १५ लिटरचा गिझर भरल्यावर २० किलोंहून अधिक भरतो. चार इंची आडभिंतीत किंवा पोकळ ब्लॉकमध्ये साध्या प्लगवर तो टांगू नये, त्यासाठी आरपार बोल्ट किंवा भिंतीच्या जातीला योग्य असा अँकर वापरावा. जुना व्हॉल्व्ह आणि जुने कनेक्शन पाईप नव्या गिझरला लावणे ही खोटी काटकसर आहे. आटे टेफ्लॉन टेपने बांधून पाणी भरावे, सारे जोड कोरडे असल्याचे पाहावे, मगच वीज द्यावी. पहिल्या तापण्याच्या वेळी थर्मोस्टॅट आपोआप तोडतो की नाही हे कोणीतरी समोर उभे राहून पाहणे आवश्यक आहे. पोलादी टाकीतील मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी तपासावी, आणि बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या सोसायटीत त्याच वेळी कॉईलवरचा चुनाही उतरवून घ्यावा.