प्लॅस्टिकवरील उष्ण उठावमुद्रण
उष्ण उठावमुद्रण म्हणजे शिक्क्याच्या ओल्या शाईवर प्लॅस्टिकची बारीक पूड भुरभुरून, ती हीट गनने वितळवून उठावदार नक्षी मिळवण्याची हस्तकला होय. कागदावर ती सहज साधते. प्लॅस्टिकची शीट मात्र पुष्कळदा पूड वितळण्याआधीच वाकते. पेट प्लॅस्टिक सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. पुडीला त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणून योग्य शीटची निवड हीच मुख्य दक्षता ठरते. छायाप्रत यंत्रासाठी बनवलेली ओएचपी शीट उष्णता बऱ्यापैकी सोसते. इंकजेटसाठीची सहसा सोसत नाही. स्थितिक विद्युतभारामुळे पूड नको तेथेही चिकटते, यासाठी शीटवर आधी टाल्कम पावडर हलकेच फिरवून पुसतात. हीट गन अगोदर तापवून, अंतरावरून सतत फिरवतात आणि पूड चकाकताच दूर नेतात. शीट सपाट ठेवूनच निवू देतात.