टेम्पलर : कबुलीजबाब दिला म्हणजे गुन्हा झाला?

टेम्पलर म्हटलं की पुरलेला खजिना आणि 'फ्रायडे द थर्टीन्थ' या दोन गोष्टी हमखास निघतात. खजिना कुणाला सापडलेला नाही आणि त्या अपशकुनाशी लावलेला संबंध बराच अलीकडचा आहे. पण शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ ला पहाटे फ्रान्सभर टेम्पलरांची धरपकड झाली, हे मात्र खरं. आज त्याबद्दलच बोलू.

आधी थोडं मागे जाऊ. साधारण १११९ मध्ये जेरुसलेमला ह्यूग द पेयाँ आणि त्याच्या साथीदारांनी यात्रेकरूंच्या रक्षणासाठी हा संघ काढला. हे लोक साधूसारखं व्रत घ्यायचे आणि हातात तलवारही धरायचे. ११३९ मध्ये पोपने त्यांना थेट आपल्या अधिकाराखाली घेतलं. युरोपभर जमिनी, किल्ले, देणग्या आल्या. मग राजे, सरदार, व्यापारी त्यांच्याकडे पैसे ठेवायला लागले. एका शहरात भरलेली रक्कम दुसऱ्या शहरात मिळायची. फ्रान्सच्या राजाचा खजिनाही अनेक वर्षं पॅरिसच्या टेम्पलमध्येच असायचा.

१२९१ मध्ये एकर शहर मामलुकांनी जिंकलं आणि टेम्पलरांचं मूळ कामच संपलं. पैसा मात्र तसाच राहिला. इकडे फ्रान्सचा राजा फिलिप चौथा युद्धांच्या खर्चाने कर्जात बुडालेला. १३०६ मध्ये त्याने ज्यूंना देशाबाहेर काढून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. पुढच्याच वर्षी टेम्पलरांचा नंबर लागला.

आरोप भयंकर होते : येशूला नाकारणं, क्रूसावर थुंकणं, मूर्तीची पूजा. पॅरिसमध्ये १३८ जणांची चौकशी झाली आणि फक्त ४ जणांनी सगळं नाकारलं. म्हणजे दोषीच, नाही का?

थांबा. सायप्रसमध्ये हेच आरोप, हाच संघ, पण तिथल्या टेम्पलरांनी सगळं नाकारलं. इंग्लंडच्या कायद्यात छळाला जागा नव्हती. तिथे महिनोन्‌महिने चौकशी चालली, तरी मुख्य आरोप जवळपास कुणीच कबूल करेना. आता बघा, एकच कोड दोन सर्व्हरवर वेगळं आउटपुट द्यायला लागला, तर आपण आधी सर्व्हर तपासतो. फ्रान्सच्या 'सर्व्हर'मध्ये काय होतं? पोपच्या आयोगापुढे एका टेम्पलर पाद्रीने आपल्या टाचांमधून गळून पडलेली हाडं दाखवली. त्याचे पाय विस्तवावर भाजले होते.

आणि खरा सापळा पुढेच आहे. कबुली दिली तर माणूस वाचू शकायचा. कबुली मागे घेतली, तर तो 'पुन्हा पाखंडी झालेला' ठरायचा आणि त्याची शिक्षा जिवंत जाळणं. १३१० मध्ये बरेच टेम्पलर संघाच्या बचावासाठी उभे राहिले. १२ मे रोजी त्यातल्या ५४ जणांना पॅरिसबाहेर जाळलं. बचाव तिथेच कोसळला.

१३१२ मध्ये पोप क्लेमेंट पाचवा याने संघ बरखास्त केला. गंमत म्हणजे संघाला दोषी ठरवून नाही, तर त्याची बदनामी फार झाली म्हणून! पोर्तुगालमध्ये राजा दिनिशने त्यांच्या मालमत्तेवर १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' हा नवा संघ उभा केला. पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर याच संघाचा क्रूस दिसायचा, आणि ती जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, गोव्यापर्यंत आली.

संघाचा शेवटचा प्रमुख जाक द मोले यानेही १३०७ मध्ये कबुली दिली होती. मार्च १३१४ मध्ये नोत्र दाम चर्चसमोर त्याला जन्मठेप सुनावली गेली. गप्प बसला असता तर जगला असता. पण तो सगळ्यांसमोर म्हणाला की संघ निर्दोष आहे. त्याच संध्याकाळी त्याला सीन नदीतल्या बेटावर जाळलं.

तेव्हा उद्या कुणी म्हणालं, 'अरे, त्याने कबूल केलंय ना!', तर एवढंच विचारा : कुठे केलं, आणि नाही म्हणाला असता तर त्याचं काय झालं असतं?

भेटू पुढच्या भागात!