ज्येष्ठांची सविस्तर मुलाखत : तयारी आणि पद्धत

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, बडोदे गुजरात राज्यात आले. या दोन तारखा कोणत्याही पुस्तकात मिळतात. पण संस्थानच्या नोकरीत असलेल्या मराठी घरात त्या दिवसांत काय बोलणे झाले, मुलांना कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे यावर कोणाचे म्हणणे चालले, हे पुस्तकात नाही. १९४९ साली जे दहा वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून ज्या सभासदांना आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत त्यांच्यासाठी ही माहिती.

समाजशास्त्रात ज्याला सखोल किंवा गुणात्मक मुलाखत म्हणतात ती हीच. आम्ही बँकेत कर्जदाराला समोर बसवून विचारत असू, तीही मुलाखतच. पण तिथे अर्जातले रकाने भरायचे असतात आणि पुढचा प्रश्न आधीच छापलेला असतो. इथे उलट आहे. समोरच्याने आपले आयुष्य कसे पाहिले ते त्याच्याच शब्दांत हवे, आणि पुढचा प्रश्न बहुधा आधीच्या उत्तरातून निघतो. त्यामुळे प्रश्नावलीऐवजी सात-आठ विषयांची यादी पुरते : बालपणीचा वाडा, शाळा, वडिलांची नोकरी, सणवार, विलीनीकरण, लग्न, भाषा.

कोणाला विचारावे? शंभर जणांची गरज नाही. दहा-बारा माणसे पुरतात, पण ती एकाच साच्यातली नसावीत. गायकवाडांच्या काळापासून इथे असलेले घराणे आणि १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाल्यावर नोकरीसाठी आलेले कुटुंब, दोघांचेही बडोदे मराठीच, पण वेगळे. शिक्षक, कारकून, पुरोहित, स्वयंपाकीण, शिंपी असे वेगवेगळे घ्यावेत. नव्या माणसाकडून नवे काही येईनासे झाले की थांबावे. आपल्याकडे नेहमी भाषण करणाऱ्यांनाच विचारले जाते. त्यांची उत्तरे घासूनपुसून तयार असतात. ज्या काकू ‘माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं?’ म्हणतात, त्यांच्याकडे आधी जावे.

जाण्यापूर्वी एकदा नुसतेच भेटून यावे. हेतू सांगावा, मुद्रण कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे सांगावे. संमती कागदावर घ्यावीच, शिवाय मुद्रणाच्या सुरुवातीलाही बोलून घ्यावी. ‘हा भाग गाळा’ असे नंतर सांगण्याचा हक्क त्यांचा आहे, हे स्पष्ट करावे. वाड्याची वाटणी, जमिनीचे दावे, कोणाचे मोडलेले लग्न हे विषय हमखास निघतात आणि त्यातली माणसे किंवा त्यांची मुले अजून याच शहरात राहतात.

साधा मोबाईल पुरतो. तो विमान मोडवर टाकावा, टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा आणि दोन मिनिटे मुद्रण करून ऐकून पाहावे. पंखा आणि कुकरची शिट्टी हे दोन मोठे शत्रू. वेळ तास-सव्वा तास, त्याहून जास्त नको. उरलेले दुसऱ्या दिवशी.

आता प्रश्नांविषयी, कारण सगळे यावरच अवलंबून आहे. ‘विलीनीकरण झालं तेव्हा वाईट वाटलं असेल ना?’ हा प्रश्न नव्हे, यात उत्तर आपणच दिले. ‘त्या दिवसांत तुमच्या घरी काय चाललं होतं?’ असे विचारावे. ‘तुम्ही मराठी संस्कृती कशी जपली?’ असे विचारले की समारंभातले उत्तर मिळते. ‘आई भाजीवालीशी कोणत्या भाषेत बोलायची, आणि भावंडं आपसांत भांडताना कोणत्या?’ असे विचारले की संस्कृती आपोआप येते. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो, त्याऐवजी ‘ते कसं झालं?’ म्हणावे. आणि उत्तर संपले असे वाटले तरी मनात पाच अंक मोजावेत. बहुतेक वेळा खरे वाक्य त्यानंतर येते.

बाईंची मुलाखत असेल तर यजमान किंवा मुलगा शेजारी बसून उत्तरे देऊ लागतो. त्यांना वेगळी वेळ द्यावी, म्हणजे कोणी दुखावत नाही. डोळ्यांत पाणी आले तर मुद्रण थांबवावे, पाणी द्यावे, पुढे जायचे की नाही ते त्यांनाच विचारावे.

साल चुकले तर? आमच्यासारख्या हिशेबनिसाचा हात लगेच दुरुस्तीला शिवशिवतो. तो आवरावा. इटलीत टेर्नी नावाच्या पोलादाच्या गावात १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी अनेक वर्षांनी कामगारांशी बोलणे केले, तेव्हा पुष्कळांनी हा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही. आपला माणूस मारला गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे सल कामगारांच्या मनाला सोसवेना, म्हणून आठवणीने तो मृत्यू जिथे ते खरोखर लढले तिथे नेऊन ठेवला, असा अर्थ त्यांनी लावला. तेव्हा आजोबांनी विलीनीकरण १९४७ चे म्हटले तर तसेच राहू द्यावे. खरी तारीख आपण टिपणात लिहावी. कदाचित त्यांच्या घरी नोकरीची काळजी १९४७ मध्येच सुरू झाली असेल, आणि तसे असेल तर पुढचा प्रश्न तोच.

मुद्रण बंद केल्यावर, चहा घेताना किंवा दारात चपला घालताना, फार मोलाचे बोलणे निघते. ते चोरून टिपू नये. ‘हे लिहून ठेवू का?’ विचारावे. त्याच रात्री अर्धे पान टिपण लिहावे : घर कसे होते, कोण आत-बाहेर करत होते, कोणता विषय टाळला गेला.

एका तासाचे बोलणे टंकायला चार-पाच तास सहज लागतात, हे धरूनच मुलाखती ठरवाव्यात. बोली बदलू नये. ‘बारणं वासून घे’ असे गुजराती मिश्रण असेल तर तसेच लिहावे, शुद्ध मराठी करू नये. बडोद्याची मराठी ती हीच. टंकलेली प्रत ज्येष्ठांना वाचून दाखवावी आणि त्यांनी गाळायला सांगितलेले गाळावे. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवावी, नावात तारीख आणि आडनाव घालावे, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर त्यांच्या घरी पोचवावी.