गिनीपिगाचा दाणा आणि पाला

गिनीपिग हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. तो उंदीर-खारींच्या कुळातला, म्हणजे कुरतडून खाणारा, आणि त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारावर आहे. तेथील लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविले, आणि तेही कौतुकासाठी नव्हे, तर मांसासाठी. पेरू देशातील खेडुतांच्या घरी तो स्वयंपाकघरातच, चुलीच्या उबेला वावरे. भाजी निवडताना पडलेली देठे, मक्याची हिरवी पाने, बांधावरचे गवत हे त्याचे अन्न. त्यासाठी कोणी काही मोजीत नसे आणि वेगळे काही शिजवीतही नसे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या गलबतांतून तो युरोपात आला, श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे झाला, आणि तेथून पुढे शास्त्रज्ञांच्या हाती लागला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते हे मोजले होते.

जंतुशास्त्राचा उदय झाल्यावर या गरीब प्राण्याचे दिवस पालटले. क्षयाचे, घटसर्पाचे, प्लेगचे जंतू ओळखण्यासाठी तो जगभरच्या प्रयोगशाळांत शेकड्यांनी पाळला जाऊ लागला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १९०५ साली सुरू झालेल्या संशोधन आयोगाने ज्या परीक्षा केल्या, त्यांत गिनीपिगाने पहारेकऱ्याचे काम केले. प्लेगच्या घरांत त्याला मोकळा सोडीत आणि मग त्याच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजीत. पिसवा पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी वाचे आणि जमिनीवरचा मरे. उंदरांवरची पिसू हीच प्लेगची वाहक होय, हे ठरण्यास या पिंजऱ्यांची मोठी मदत झाली.

मात्र या साऱ्या मंडळींना हवे होते ते जंतू. प्राण्याच्या पुढ्यातल्या भांड्यात काय पडते, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ओट, कोंडा आणि पाणी हे अन्न स्वस्त, टिकाऊ आणि साठविण्यास सोयीचे. तेच घातले जाई. धान्य म्हणजे पौष्टिक आणि पाला म्हणजे निकस, ही समजूत विद्वानांचीही होती. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ या पशुरोगतज्ज्ञाने १८९५ च्या सुमारास एक गोष्ट टिपून ठेवली. गवत, क्लोव्हर किंवा कोबी न देता गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले, तर चार ते आठ आठवड्यांत कातडीखाली रक्त साकळून ते मरतात. ही नोंद त्याने अहवालात लिहिली आणि तो आपल्या जंतूंकडे वळला. त्या दोन-चार ओळींत केवढा ठेवा आहे हे ना त्याला कळले, ना त्याच्या वाचकांना.

तो ठेवा होता स्कर्व्ही या रोगाचे मर्म. हिरड्या सुजून काळ्या पडणे, दात हलणे, सांधे आखडणे, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उकलणे आणि अखेर एकाएकी हृदय थांबणे, असा हा खलाशांचा काळ. पश्चिम किनाऱ्याला त्याची ओळख फार जुनी आहे. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामाची गलबते कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाली. वारा प्रतिकूल असल्याने आफ्रिकेचा किनारा दिसण्यास जवळजवळ तीन महिने लागले, आणि तेवढ्या अवधीत तीस माणसे या रोगाने दगावली. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने बारा रोगी खलाशी घेऊन, दोघादोघांना निरनिराळे उपाय दिले. संत्री आणि लिंबे खाणारे दोघे तेवढे झपाट्याने सुधारले. उपाय सापडला, पण कारण सापडले नाही; आणि कारण ठाऊक नसलेला उपाय हातचा कसा निसटतो, हे पुढे दिसून आलेच.

१९०७ साली नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रलिक या दोघांनी आपला शोध प्रसिद्ध केला. होल्स्ट आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक, फ्रलिक बालरोगतज्ज्ञ. नॉर्वेच्या जहाजांवर बेरीबेरीसारखा एक रोग दिसत असे. तो प्राण्यांत उत्पन्न करावा अशी त्यांची खटपट होती. कबुतरांवर काम केल्यानंतर त्यांनी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसत्या धान्यावर व पावावर ठेवले. निपजली मात्र स्कर्व्ही: तेच सैल झालेले दात, तोच हाडांजवळचा रक्तस्राव. मग त्याच अन्नाला ताज्या कोबीची, लिंबाच्या रसाची जोड दिली, तर रोग टळला. उंदीर घेतले असते, तर काहीच दिसले नसते. कारण उंदराला हा रोग होतच नाही. दैवाची साथ ती हीच.

एवढे होऊनही सर्वांची खात्री पटली नाही. अमेरिकेत मॅकॉलम हा पोषणशास्त्रातला मोठा अधिकारी. त्याचा सारा भर उंदरांवर. उंदीर ज्यावाचून सुखाने जगतो ते गिनीपिगाला का लागावे, हे त्याला उमगेना. १९१७ साली त्याने असा निर्वाळा दिला की, गिनीपिगाची स्कर्व्ही हा अन्नातील उणिवेचा परिणाम नसून बद्धकोष्ठाचा आहे. इतरांनी लवकरच हे मत खोडून काढले. तरीही, एका जनावराचे ताट पाहून दुसऱ्याच्या पोटाचा निवाडा करू नये, हा धडा त्या चुकीने पोषणशास्त्राला दिला.

इकडे पहिले महायुद्ध पेटलेले होते, आणि स्कर्व्ही हा आता पुस्तकातला रोग राहिला नव्हता. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११७ वी मराठा पलटण होती. वेढ्यात अन्न तुटत गेले. गोऱ्या शिपायांनी घोड्यांचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्माच्या भीतीने फार दिवस त्याला स्पर्श केला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा मागविल्या गेल्या, तोवर उशीर झाला होता. परिणाम असा विचित्र झाला की, पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाली, आणि आट्यावर व जवाच्या पिठावर राहणाऱ्या हिंदी शिपायांना ती न होता स्कर्व्ही झाली. एकाच तटबंदीच्या आत दोन पंगती बसल्या होत्या आणि दोन्ही पंगतींत निरनिराळी वाण होती. कोंड्यासकटचे पीठ बेरीबेरी टाळते, पण स्कर्व्हीपुढे ते लंगडे पडते. थिओबाल्ड स्मिथचे गिनीपिग याच अन्नावर मेले होते.

वेढ्याबाहेरच्या सैन्यातही हजारो हिंदी शिपाई या रोगाने निकामी झाले. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी हा प्रश्न हाती घेतला. संस्थेतले पुरुष बहुतेक आघाडीवर गेले होते. त्यांनी गिनीपिगांचे एक ठरीव खाणे बांधले. ओट, कोंडा आणि कडक तापविलेले दूध एवढेच द्यायचे. त्यावर प्राण्याला सुमारे तीन आठवड्यांत रोग दिसू लागे. मग एकेका गटाला एकेक पदार्थ मोजून द्यायचा आणि किती मात्रेने रोग टळतो ते पाहायचे. या तराजूवर लिंबाचे कोडे सुटले. ब्रिटिश आरमार पूर्वी भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबाचा रस देत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान हिरव्या लिंबाचा रस आला, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या भावंडाचा. नाव तेच, बाटली तीच. पण १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत तो रस पिऊनही लोक स्कर्व्हीने आजारी पडले, आणि लिंबावरचा विश्वासच उडाला. चिकच्या गिनीपिगांनी सांगितले की, लहान लिंबाच्या रसाचा गुण मोठ्याच्या जेमतेम चौथाई आहे, आणि साठवणीत तोही ओसरतो.

याहून आपल्या जवळची गोष्ट कडधान्याची. सुके वाटाणे, सुकी मसूर खाणारा गिनीपिग मरे. तेच दाणे भिजवून मोड आणून दिले, तर जगे. नॉर्वेतील फ्यूर्स्ट याने १९१२ साली हे दाखविले होते. चिक आणि डेल्फ यांनी १९१९ साली ते मापाने सिद्ध केले आणि सैन्यासाठी शिफारस केली. दिवसभर भिजवावे, दोन दिवस ओलसर ठेवून मोड येऊ द्यावेत, आणि फार शिजवू नये. महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीला यात नवे काही वाटणार नाही. मटकी, मूग, वाल यांना मोड आणणे हा तिचा नित्याचा व्यवहार. पण सैन्याच्या शिध्यात येई ती डाळ. डाळ म्हणजे भरडून दुभंगलेला दाणा. त्याला मोड येतच नाही. घरी फडक्यात बांधलेल्या मटकीत जे होते, ते कुतच्या कोठारातील डाळीच्या पोत्यांत नव्हते. अख्खे कडधान्य आणि थोडे पाणी एवढ्यावर कितीतरी जीव वाचले असते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

म्हैसूरहून दक्षिणेस निघालेला रस्ता कडकोळ, नंजनगूड, गुंडलुपेट अशी गावे मागे टाकीत निलगिरी चढतो. त्या पहाडावर कुन्नूर येथे पाश्चर संस्थेच्या एका खोलीत १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन याने आपले पोषणसंशोधन सुरू केले. त्याने गिनीपिगांना भरडलेले ओट आणि वाफेच्या दाबाखाली तापविलेले दूध देऊन पाहिले. बाहेरून रोग दिसण्याच्या आधीच आतड्यांत, मूत्राशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत बिघाड सुरू झालेला असतो, हे त्याला आढळले. अर्धवट उणीव ही उघड रोगाहून फसवी असते, हा विचार त्याच्या पुढील साऱ्या कामात दिसतो. त्या खोलीतून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. ॲक्रॉइड आणि त्यांच्यामागून डॉ. वि. ना. पटवर्धन हे तिचे संचालक झाले. १९५८ साली ती हैदराबादला गेली, आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. १९३९-४० साली हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा उपयोगी पडला तो आवळा. शंभर ग्रॅम ताज्या आवळ्यात सुमारे सहाशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या दहापटीहूनही अधिक.

ते जीवनसत्त्व म्हणजे नेमके कोणते द्रव्य, हे १९३२ साली कळले. सेंट-ग्यॉर्गी याने १९२८ साली वेगळे काढलेले आम्ल गिनीपिगांना दिले आणि ते जगले. अमेरिकेत चार्ल्स किंगही त्याच निष्कर्षाला पोहोचला. गिनीपिगच का, याचे उत्तर १९५७ च्या सुमारास मिळाले. बहुतेक सस्तन प्राणी हे द्रव्य यकृतात साखरेपासून स्वतःच तयार करतात. त्या क्रियेतील शेवटच्या पायरीचे विकर गिनीपिगाच्या अंगी नाही, आणि माणसाच्याही नाही. माणसाच्या बाजूने साक्ष देण्यास तो इतका लायक ठरला, तो या समान उणिवेमुळे. ती साक्ष त्याने मरून दिली, आणि तीही थोड्याथोडक्यांनी नव्हे.

आज पुण्या-मुंबईत, म्हैसुरात आणि कडकोळसारख्या गावीही हौसेने गिनीपिग पाळता येतात, आणि प्रश्न पुन्हा भांड्यापाशीच येतो. दुकानातून आणलेला दाणा भरपूर घातला की कर्तव्य झाले, असे अनेकांना वाटते. १८९५ सालच्या प्रयोगशाळांनाही तसेच वाटत होते. या प्राण्याचे खरे अन्न वाळले गवत, आणि तेही चोवीस तास समोर हवे. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चघळण्यानेच झिजतात. आतड्यांची चालही त्या चोथ्यावरच अवलंबून असते. लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला चालतो. मोठ्या प्राण्याला रोज दिला, तर त्यातील चुन्याने मूतखडे होतात. दर किलो वजनामागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, गाभणीला त्याहून जास्त. ढोबळ्या मिरचीची एक-दोन कापे, चिमूटभर कोथिंबीर, हरळी, अधूनमधून पेरूची बारीक फोड यांतून ते मिळते. फळ गोड म्हणून ते थोडकेच द्यावे. कांदा, लसूण आणि मोडाचा बटाटा वर्ज्य. गिनीपिगासाठी बनविलेल्या दाण्यात हे जीवनसत्त्व मिसळलेले असते खरे, पण पिशवी पडून राहिली की ते काही महिन्यांत उतरते; म्हणून पिशवीवरची तारीख पाहूनच ती घ्यावी. ससा ते स्वतः बनवितो, म्हणून सशाचा दाणा गिनीपिगाला पुरत नाही. काही जण पिण्याच्या पाण्यात थेंब टाकतात; ते पाण्यात लवकर नासते, आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. त्यापेक्षा सकाळी भाजी निवडताना कोथिंबिरीची चार देठे त्याच्यापुढे टाकावीत, पेरूमधल्या घरांत टाकीत असत तशी.