जळालेले तीळ तेवढे इतिहासात राहिले

मुलुंडहून आम्ही बोलतोय, आमच्या बचत गटाच्या अकरा जणी. आजचा विषय आहे तीळ भाजण्याचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचे? कढई तापवायची, तीळ टाकायचे, तडतडले की उतरवायचे. आम्हीही असेच म्हणत होतो. मग आमचे ५ किलो तीळ परत आले.

झाले असे, की पवईतल्या एका छोट्या जपानी खानावळीकडून आम्हाला भाजलेल्या तिळाची मागणी आली. संक्रांतीला आम्ही दरवर्षी लाडू आणि वड्या करून विकतो, त्यामुळे हात बसलेला. एका दिवसात पाचही किलो भाजून दिले. दोन दिवसांनी पिशव्या परत. रंग सुरेख होता, पण वाटल्यावर तीळ कडू लागत होते. लाडवात जे कडूपण गुळाखाली झाकले जाते, ते नुसत्या भातावर भुरभुरलेल्या तिळात झाकले गेले नाही. तिथल्या आचाऱ्याने एकच प्रश्न विचारला, "कोणते कधी भाजले?" आम्हा अकरा जणींपैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. कोणता घाणा कुणी भाजला, कुठला करपला, कशाचीच नोंद नव्हती.

पैसे गेले ते गेलेच. पण आम्ही इरेला पेटलो. तीळ भाजणे ही काय चीज आहे, ते मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. त्यातून जे हाती लागले ते आज तुम्हाला सांगतो.

तीळ हे आपल्या भूमीतले फार जुने पीक. रानटी तीळ माणसाने पहिल्यांदा शेतात आणला तो भारतीय उपखंडातच, असे अभ्यासक मानतात. 'तेल' हा शब्दच बघा. तो 'तिल' या संस्कृत शब्दावरून आला. म्हणजे तेल म्हणजे मुळात तिळाचेच. पुढे शेंगदाण्याचे, करडईचे, खोबऱ्याचेही तेल झाले आणि तिळाचे नाव सगळ्यांना चिकटले.

आज पाकिस्तानात असलेल्या हडप्पा गावी १९२६ ते १९३४ या काळात माधोस्वरूप वत्स यांनी उत्खनन केले. त्यात जळून गोळा झालेले तीळ सापडले, चार हजार वर्षांहून जुने. इतकी वर्षे ते टिकले कसे? कच्चा दाणा मातीत पडला तर रुजतो, कुजतो किंवा किड्यामुंग्या खातात. जळून कोळसा झालेला दाणा मात्र कुजत नाही, म्हणून तो राहतो. आमच्या गटात हे वाचून दाखवले तेव्हा एकजण चटकन म्हणाली, "म्हणजे जिने नीट भाजले तिचे खाऊन संपले आणि जिचे जळले तिचे इतिहासात गेले!" आधी हसू आले. मग सगळ्या गप्प झालो. बाईच्या कामाचे बहुतेक असेच होते. स्वयंपाक चांगला झाला तर पातेले रिकामे. करपला तर वर्षभर बोलणी.

तिळाशी संबंधित ज्या कामांचा बाजार झाला, त्यांना नावे मिळाली. घाणा चालवणारा तो तेली. भट्टी घालून चणे-फुटाणे, लाह्या भाजणारा तो भडभुंजा. आपल्या कोकणात, रायगडच्या किनाऱ्यावर, मराठी बोलणारा बेने इस्रायली समाज तेल गाळायचे काम करी. शनिवारी ते काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. या समाजातली अनेक घरे पुढे मुंबईत आली. कामावरून समाजाला नाव पडले आणि ते इतिहासात राहिले. पण घरात चुलीपुढे बसून तीळ, खसखस, भाजणीची धान्ये भाजणाऱ्या बाईला कुठले नाव मिळाले? भाजणीला तिच्या कामाचे नाव मिळाले, तिला नाही.

आता आमच्या उपनगरांकडे येतो. अंधेरीतले मरोळ, चकाला, आंबोली, बोरिवलीपलीकडची गोराई ही मूळची गावे. आता भोवती टॉवर उभे आहेत, तरी आत गावठाण शिल्लक आहे. या साष्टी बेटावर १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगिजांचा अंमल आला. इथले काही शेतकरी, कोळी, कारागीर ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, राज्य बदलले, मग इंग्रज आले, पण ही माणसे इथेच राहिली. १८८७ मध्ये त्यांनी आपली संस्था काढली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी घरातली बोली मराठीच.

या घरांचा 'बाटली मसाला' प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पावसाआधी, वर्षाचा मसाला करायचा. मिरच्या उन्हात वाळवायच्या. धने, मोहरी, खसखस, तीळ, गहू, चणे असे वीस-पंचवीस जिन्नस निवडून एकेक वेगळा भाजायचा. मग मसाला कुटणाऱ्या बाया दारी येत. लाकडी उखळात उभ्याने मुसळे चालत. तयार मसाला बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरत. गडद काचेतून उजेड जात नाही, ठासल्यामुळे आत हवा राहत नाही, म्हणून मसाला वर्षभर टिकतो. या बाटलीत किती काळ एकत्र आला आहे पाहा. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून अमेरिकेकडून आलेली, म्हणजे पाहुणी. तीळ मात्र हडप्पाच्या काळापासूनचे, घरचे.

आमच्या गटातल्या एकीची आजेसासू मरोळ गावठाणात राहते. तिळाचे ५ किलो फुकट गेल्यावर आम्ही तिच्याकडे गेलो. तिने आमची कढई पाहिली, आच पाहिली आणि म्हणाली, "पोरींनो, तुम्ही तीळ विस्तवावर भाजता. तीळ कढईच्या तापावर भाजायचे असतात." मसाल्याचे सगळे जिन्नस भाजून झाले की शेवटी आच विझत आलेली असताना ती तीळ घेई. तिळाचा दाणा बारीक, त्यात निम्मे तेल. तो चटकन तापतो आणि चटकन करपतो. वरून सोनेरी दिसेपर्यंत थांबले, तर आतून जास्त झालेला असतो. शिवाय खाली उतरवला तरी गरम कढईत तो भाजतच राहतो. आमचे चुकले ते इथेच. आम्ही रंग बघून गॅस बंद केला आणि तीळ कढईतच ठेवून चहाला बसलो.

आता जपानकडे जाऊ, कारण मागणी तिकडची होती. तिळाला जपानी भाषेत 'गोमा' म्हणतात. हे नाव ज्या चिनी अक्षरांत लिहितात, त्यांतल्या पहिल्याचा अर्थच पश्चिमेकडचे परके लोक असा होतो. म्हणजे तिकडे तीळ हा पाहुणा. आज तर जपान जवळजवळ सगळे तीळ बाहेरच्या देशांतून आणतो. पण त्या पाहुण्याची त्यांनी केवढी बडदास्त ठेवली! अख्खे भाजलेले ते 'इरिगोमा', भाजून भरडलेले ते 'सुरिगोमा', लोण्यासारखे मऊ वाटलेले ते 'नेरिगोमा'. भाजलेले तीळ आणि मीठ एकत्र केले की 'गोमाशिओ', तो भातावर घालतात. आपल्या तिळाच्या चटणीची ही दूरची बहीण, फक्त लसूण-मिरची नाही. उकडलेल्या पालकात तिळाचे कूट कालवतात, अगदी आपण कोशिंबिरीत दाण्याचे कूट घालतो तसे.

तीळ वाटायला त्यांच्याकडे 'सुरिबाची' नावाचे मातीचे भांडे असते. आतून त्याला बारीक चऱ्या असतात, म्हणजे दाणा घसरत नाही. आपल्या पाट्याला टाकी लावतात ती याच कारणासाठी. टाकी लावणारी बाई दारावर यायची, ते आमच्यातल्या मोठ्या बायकांना अजून आठवते. कूट खायच्या वेळीच करायचे, हा तिकडचा नियम. कारण दाणा फुटला की आतल्या तेलाला हवा लागते, वास उडतो आणि कूट खवट व्हायला लागते.

तिळाचा मान तिकडच्या बौद्ध मठांत विशेष. मठात मांस-मच्छी नाही, मग भाजीभाताला चव आणि शरीराला ताकद तिळाने येई. कोयासान डोंगरावरच्या मठांचा 'गोमादोफू' अजून नावाजलेला आहे. वाटलेल्या तिळात एका कंदाचे पीठ घालून शिजवतात आणि वडीसारखे थापतात. दोगेन नावाच्या भिक्षूने १२३७ मध्ये मठातल्या आचाऱ्यासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. तांदूळ धुताना खडा राहू देऊ नये, हे काम हलके समजू नये, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे बाया रोळून धान्यातले खडे काढतात ते हेच काम. फरक एवढाच, की तिकडे कुणीतरी ते लिहिण्याजोगे मानले.

मुंबई आणि जपानचे नातेही आजचे नाही. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन कैशा ही कंपनी यांनी मिळून मुंबई ते कोबे जहाजे सुरू केली. त्यांतून मुख्यतः आपला कापूस जाई. त्या जहाजांच्या तारखा, भाडे, गाठींचा हिशेब सगळे लिहून ठेवले गेले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. शेतात तो कापूस वेचणाऱ्या बायांच्या हातांचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

मैत्रिणींनो, आम्हाला यातून कळले ते हे. जे लिहिले जाते त्यालाच किंमत मिळते. गिरणगावात बाया घरात खानावळी चालवत. कित्येक गिरणी कामगार त्यांच्या हातचे जेवून कामावर जात. पण ते 'घरकाम' धरले जाई, त्यामुळे सावकाराशिवाय कुणी त्यांना पैसे देत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा बँकेची दारे उघडली. काम तेच होते, पोळ्या त्याच होत्या. ते मोजले गेले, कागदावर आले, एवढेच नवे होते.

म्हणून आम्ही वही घातली. आता आमची पद्धत सांगतो. तीळ आधी पाखडून, निवडून, रोळून घ्यायचे. सावलीत पूर्ण वाळवायचे. जाड बुडाची कढई घ्यायची. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त नाही, म्हणजे सगळे दाणे बुडाला लागतात. आच मंद, आणि हात थांबवायचा नाही. दाणा थोडा फुगतो, दोन-तीन दाणे उडतात, खमंग वास सुटतो. तेव्हा चिमटीत दाणा चुरडून बघायचा. सहज चुरा झाला तर झाले. लगेच परातीत पसरायचे, कढईत ठेवायचे नाही. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करायचा, नाहीतर आत वाफ धरते. प्रत्येक घाण्याला वहीत एक ओळ: तारीख, कुठले तीळ, वजन किती, किती मिनिटे, भाजणारीचे नाव. डब्यावर तोच नंबर.

पुढचे तीळ आम्ही घेऊन गेलो तेव्हा आचाऱ्याने तोच प्रश्न विचारला. आम्ही वही पुढे केली. तो डबे उघडायच्या आधी वहीच वाचत बसला. माल राहिला. मग भावाची गोष्ट निघाली. "नुसते भाजायचेच तर आहे," असे तिथला हिशेबनीस म्हणाला. आम्ही पुन्हा वही उघडली. निवडायला किती तास, रोळताना घट किती, भाजल्यावर वजन किती उतरले, गॅस किती, सगळे दाखवले. कच्च्या तिळाचा भाव आणि आमच्या हातांचा भाव वेगवेगळा लिहिलेला होता. मागितले तितके नाही मिळाले, पण पहिल्यापेक्षा चांगले मिळाले. वहीतल्या नावांत मरोळच्या आजीचेही नाव आहे, पहिल्या पानावर, कारण रीत तिची.

जपानी भाषेत 'तीळ वाटणे' म्हणजे कुणाची खुशामत करणे. वाटताना तीळ सगळ्या बाजूंना चिकटतात, म्हणून. आपल्याकडे मात्र एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात. आमच्या गटाला आपलीच म्हण बरी वाटते. या संक्रांतीला तुम्ही तीळ भाजाल तेव्हा घरातल्या सर्वांत जाणत्या बाईला जवळ बसवा. ती कशावरून ओळखते ते विचारा, वासावरून, आवाजावरून, की चिमटीवरून. आणि ते तिच्या नावानिशी गटाच्या वहीत लिहा. नीट भाजलेले तीळ खाऊन संपणारच, संपायलाच हवेत. पण भाजणारीचे नाव राहू द्या.